बांध सरकला असेल तर काय करावं

रब्बीची पेरणी चालली होती. ट्रॅक्टर वेळेवर मिळाला नाही म्हणून त्या वर्षी बैलांची तिफण लावली. दुपारी तिफणीमागचा गडी बांधावर येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, शेवटचे फेर उत्तरेला पोचंनात. मधीच बांधाला टेकत्यात. मागं आलो तवा सरळ जात हुते."

आमचं रान मंगळवेढ्याच्या बाजूला, काळं, खोल. 3 एकर 12 गुंठे. मालक गेल्यापासून मीच बघते. तिफणीचा एक फेर म्हणजे तीन ओळी, दोन ओळींत 18 इंच, म्हणजे फेराला साडेचार फूट. उत्तरेच्या टोकाला दीड फेर कमी पडत होता. सात फूट रान कुठं गेलं, हे विचारत मी तिथूनच वाद सुरू करू शकले असते. तसं केलं नाही, आणि म्हणूनच आज हे लिहायला बसले. गावात दर उन्हाळ्यात कुणाचं ना कुणाचं बांधावरून डोकं फुटतं. कोर्टात तारखांवर म्हातारी झालेली माणसं मी पाहिली आहेत. ते टाळता येतं, पण कामं ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं करावी लागतात.

आधी बांध का सरकतो ते समजून घ्या. बैलाच्या औताला बांधापाशी वळायला जागा सोडावी लागायची, बांध आपोआप राहायचा. आता ट्रॅक्टर भाड्यानं येतो. चालवणारा बाहेरगावचा, त्याला एकरावर पैसे. तो नांगर बांधाला भिडवून फिरवतो आणि दर साली वीतभर माती सुटते. वीतभर म्हणजे नऊ इंच. दहा वर्षांत साडेसात फूट होतात. ज्याच्या रानात ट्रॅक्टर चालला त्यानं स्वतः कधी बांधावर पाऊल ठेवलेलं नसतं. मुद्दाम बांध कोरणारेही असतात, नाही असं नाही. पण मुद्दाम की नकळत हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी चोर म्हणू नका. एकदा तो शब्द तोंडातून गेला की पुढचं सगळं त्या शब्दाभोवतीच फिरत राहतं.

मग हिशेब करा, किती गेलं असेल त्याचा. आमचा सामायिक बांध 660 फूट लांब. 33 फुटांची एक साखळी, अशा 20 साखळ्या. सगळीकडे सात फूट गेले असं धरलं तर 4,620 चौरस फूट. 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, म्हणजे सव्वाचार गुंठे. माझ्या मुलानं हाच आकडा धरला आणि रात्री फोनवर पेटला. तो चाकणला कंपनीत आहे. "आई, रविवारी येतो, जेसीबी घेऊन येतो. एका तासात बांध जागेवर." त्याला मी जे सांगितलं ते सगळ्यांना सांगते. जमीन आपली असली तरी दुसऱ्याचा ताबा जबरदस्तीनं काढता येत नाही. तसं केलं तर तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथं मालक कोण हे कोर्ट विचारतही नाही. आपलंच रान असून आरोपीच्या बाजूला उभं राहायची वेळ येते.

दुसरी चूक मोबाइलची. मुलानं मोबाइलमधल्या ॲपवर नकाशा उघडून चालत चालत हद्द काढली होती. मोबाइलचा जीपीएस काही मीटरनं चुकतो. आपला वाद फुटांचा आहे. त्या रेषेवर एक शब्दही बोलू नका.

आता कागद. यात घाई करू नका, सगळ्या कामाचा पाया इथंच आहे. आपला सातबारा काढा आणि शेजाऱ्याचाही काढा. तो कुणालाही निघतो, ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. दोन्हींवरचं एकूण क्षेत्र बघा. इथं बरेच जण फसतात. एकूण क्षेत्रात लागवडीचं रान अधिक पोटखराबा असतो. ओढा, घळ, खडक हे पोटखराब्यात जातं. नुसतं कसतो तेवढं मोजून "माझं कमी भरतंय" म्हणायचं नसतं. आमच्या सातबाऱ्यावर 1 हेक्टर 34 आर, त्यात 4 आर पोटखराबा. मला तोवर त्या चार आरांचं भान नव्हतं.

सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. आकारासाठी गटाचा नकाशा लागतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल घ्या. गटवारी व्हायच्या, म्हणजे जुन्या सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर पडायच्या आधी, तुमचा सर्व्हे नंबर कोणता होता ते जुन्या फेरफारात सापडतं. त्या नंबरचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कच्चा नकाशा, किंवा फाळणी, म्हणजे पोटहिस्से पाडतानाचा तसाच नकाशा, मिळाली तर तीही घ्या. टिपणात मापं साखळी-आण्यात असतात. साखळीचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांच्या जरासा वर. मी ते रात्री कंदिलासारख्या त्या चार्जिंगच्या दिव्यात बसून वाचलं. मधल्या उभ्या रेषेवर एकेक आकडा, बाजूला निघालेल्या आडव्या रेषा. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात कुणीतरी उन्हात साखळी ओढून लिहिलेले आकडे. आपलं रान कागदावर कसं दिसतं हे त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं.

आकारबंदातलं, म्हणजे भूमी अभिलेखाकडच्या क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदीतलं, क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळतं का तेही तपासा. लिहिण्यात चूक असेल तर ती शेजाऱ्याशी भांडून सुटणार नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज असतो. आणि वाद भावकीत असेल, एकाच गटात सगळ्यांची नावं एकत्र असतील, पोटहिस्से पडलेले नसतील, तर दोन भावांमधली हद्द कायम करायला कागदावर हद्दच नसते. तिथं आधी कलम 85 खाली वाटप.

कागद हातात आले की शेजाऱ्याकडे जा. अर्जाच्या आधी जा. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते, कारण बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. शेजाऱ्याला पहिली बातमी सरकारी नोटिशीनं मिळते. नोटीस घरी आली की घरातल्या पोरांसमोर, सुनांसमोर माणसाचा अपमान झाल्यासारखा होतो. मग तो मोजणीला विरोध करतो, रान बरोबर असो की चूक.

आमच्या शेजारी तात्या, मालकांच्या वडिलांच्या पिढीतले. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेले. काकूंनी चहा ठेवला. मी म्हणाले, "तात्या, उत्तरेला आमचे फेर कमी बसतायत. कुणाचं चुकलं ते मला माहीत नाही. मोजणी मागवावी म्हणते. जिथं दगड पडेल तो मला मान्य, माझ्याकडचं गेलं तरी मान्य. तुम्हाला चालेल का?"

तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सूनबाई, बांध माझ्या बापानं घातलाय."

"तुमच्या बापूंच्या बांधाबद्दल माझं काही म्हणणं नाही. ट्रॅक्टरनं काय केलं तेवढंच बघू."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा धाकटा मुलगा घरी आला, "वहिनी, तात्या म्हणाले मागवा मोजणी, फी निम्मी आम्ही देऊ." माझ्या वाक्यातल्या "माझ्याकडचं गेलं तरी मान्य" या शब्दांनी हे झालं, असं मला आजही वाटतं. पण ते नुसतं बोलायचं नसतं. मनातून तयारी असेल तरच म्हणा, कारण पुढं तेच घडू शकतं. आमच्याकडे घडलं.

शेजारी ऐकणाराच नसेल तर एकट्यानं जाऊ नका. दोघांनाही ज्याचा मान आहे असं एखादं माणूस घ्या. गावात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती असेल, 2007 पासून ही मोहीम आहे, तर तिच्याकडे तोंडी न सांगता अर्ज द्या. अशी बैठक पुढं उपयोगी पडते. तुम्ही आधी सामोपचारानं गेलात याची ती नोंद असते.

अर्ज करायचा तो "हद्द कायम" मोजणीचा, तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे. आता तो ऑनलाइन भरता येतो. पूर्वी साधी, तातडी, अति तातडी असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच आहेत. द्रुतगतीची फी जास्त. अर्जात चारी बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते लिहायचे असतात. हे काम कुणावर सोपवू नका. ज्याचं नाव किंवा पत्ता चुकला त्याला नोटीस पोचत नाही आणि नंतर तो म्हणतो, "मला न कळवता मोजली." त्याचं म्हणणं खोटं नसतं. आमच्या पूर्वेच्या गटातला एक वारस पुण्यात राहतो, त्याचा पत्ता मिळवायला मला चार दिवस लागले. आपल्याच सातबाऱ्यावर इतर नावं असतील, नणंदांची, दिरांची, तर तीही सगळी लिहा आणि त्यांना आधी फोन करा.

वेळ कोणती? रान मोकळं असेल ती. उभ्या उसात किंवा तुरीत मोजणी नीट होत नाही. आमच्याकडे ज्वारीची काढणी फेब्रुवारीत संपते, तिथून मृगापर्यंत रान उघडं असतं. पण सगळा तालुका त्याच दिवसांत मोजणी मागतो. म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमाराला करून ठेवावा. आमची तारीख एप्रिलची लागली.

मोजणीच्या दिवशी काय तयारी लागते ते नीट सांगते. कोपऱ्यांवरची झुडपं आदल्या दिवशी तोडून ठेवा. पहार, कुदळ, फावडं, चुन्याची पिशवी, लाकडी खुंट्या आणि दोन माणसं हाताशी हवीत. दगड आधीच आणून बांधावर टाका. दगड नाही म्हणून दोन दिवसांनी रोवू असं केलं, तर तेवढ्यात खुंट्या गायब झालेल्या असतात. आणि पिण्याचं पाणी, चारी बाजूंच्या लोकांना पुरेल एवढं. एप्रिलमधलं ऊन, त्यात भांडणाचा विषय. तहानलेली माणसं लवकर चिडतात.

भूकरमापक सकाळी आले. मला वाटलं होतं की ते थेट आमच्या बांधावर टेप धरतील. तसं नसतं. आजूबाजूच्या गटांचे पक्के कोपरे, जुनी विहीर, गावरस्त्याचं वळण, अशा कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे असलेल्या खुणा ते आधी शोधतात. त्यांच्याकडे काठीवर बसवलेलं रोव्हर यंत्र होतं, उपग्रहावरून जागा टिपणारं. दोन तास ते दुसऱ्यांच्याच रानातून फिरत होते. कुणी म्हणालं, "साहेब, वाद हिकडं हाय." पण एक बांध एकटा मोजताच येत नाही. तो आजूबाजूच्या सगळ्या गटांच्या आधारानं ठरतो. म्हणून लगतच्या लोकांनी त्या दिवशी हजर असणं आणि त्यांची रानं मोकळी असणं गरजेचं.

वहिवाट विचारतील तेव्हा खरी दाखवा. आज जिथवर कसता तिथवरच. नैऋत्य कोपऱ्यात त्यांनी एका जागी खणायला सांगितलं. काळ्या रानात जुना दगड मातीखाली गाडला गेलेला असू शकतो. दोन हात खणल्यावर पहार टणकन वाजली. घडीव दगड, वरच्या बाजूला छिन्नीची फुली. तात्या वाकून बघत राहिले. "हा मी लहानपणी बघितलाय," म्हणाले. त्या एका दगडानं तोवरची कुजबुज थांबली, कारण तो बांधाच्या आमच्या बाजूला निघाला. म्हणजे दक्षिणेच्या टोकाला तात्यांच्या रानात सरकलो होतो आम्ही.

दुपारी हद्द पडली. उत्तरेच्या टोकाला तात्यांचं रान सात फूट आमच्यात आलेलं. तिथून ते कमी होत होत 440 फुटांवर शून्य. पुढच्या 220 फुटांत उलटं, आमचं रान त्यांच्यात, शेवटच्या टोकाला साडेतीन फूट. आणि त्या साडेतीन फुटांत आमची पाइपलाइन. हिशेब केला: त्यांच्याकडे आमचं 1,540 चौरस फूट, आमच्याकडे त्यांचं 385. वजा जाता 1,155, एक गुंठा आणि वर थोडं. मुलानं धरलेले सव्वाचार गुंठे ते हेच. तो माझ्या बाजूलाच उभा होता, काही बोलला नाही.

जबाबावर आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी पूर्ण वाचा. कुणी सही करत नसेल तर जबरदस्ती नको, तशी नोंद होते. नंतर मोजणीच्या नकाशाची "क" प्रत मिळते. तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही असतात. ती जपून ठेवा, तिच्या दोन-तीन प्रती काढा.

हे लक्षात घ्या की मोजणी खातं हद्द दाखवतं, ताबा देत नाही. खुणा पडल्या म्हणून दुसऱ्या दिवशी नांगर घालू नका. ताबा एकतर राजीखुशीनं बदलतो, नाहीतर कोर्टाच्या हुकमानं. आम्ही त्याच संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर बसून लिहून काढलं: कोणत्या तारखेपासून कोण कुठवर कसणार, पाइपलाइन मी कधीपर्यंत हलवणार, बांध किती रुंद. तीन फूट ठरला, दीड त्यांच्याकडून, दीड माझ्याकडून. बांधावरचं लिंबाचं झाड सासूबाईंनी लावलेलं, ते दोन हात तात्यांच्या हद्दीत गेलं. मला वाईट वाटलं, ते तात्यांना दिसलं असावं. त्यांनीच मुलाला सांगितलं, "ल्ही, लिंब तोडायचा न्हाई, लिंबोळ्या दोघांनी येचायच्या." सह्या झाल्या, दोन साक्षीदार, "क" प्रतीची नक्कल सोबत जोडली.

एवढ्यानं आमचं भागलं, कारण आम्ही नकाशातल्या हद्दीवरच परत आलो. पण नकाशाबाहेरची अदलाबदल करायची असेल, "तुझं तिकडचं तू ठेव, माझं इकडचं मी ठेवतो" असं ठरत असेल, तर साध्या स्टँपवर लिहून मालकी बदलत नाही. अदलाबदलीचा दस्त नोंदवावाच लागतो. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात निदान 12 वर्षं असेल, तर 2023 मध्ये आलेल्या सलोखा योजनेत मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये एवढीच ठेवली आहे. योजना मुदतीची आहे, म्हणून सध्या चालू आहे का ते तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

मोजणीच मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्यांकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना म्हणतात, त्याच्याही वर सुपर निमताना. तरी शेजारी हटत नसेल तर दिवाणी कोर्टात ताब्याचा आणि मनाईचा दावा. कोर्ट स्वतः कमिशनर नेमून मोजणी करवून घेऊ शकतं. दावा "बघू पुढं" म्हणून लांबवू नका. तुमचा हक्क नाकारून कुणी 12 वर्षं उघडपणे ताब्यात राहिला, तर तो त्या ताब्याच्या जोरावर मालकी सांगू शकतो. वकिलाच्या खर्चाला घाबरून बसलेल्या माझ्यासारख्या बायकांना सांगते: विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. दावा चालू असतानाही लोकअदालतीत तडजोड होते. तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

रस्त्याचा किंवा पाण्याच्या पाटाचा अडथळा हा वेगळा विषय. तो हद्दीच्या वादात मिसळू नका, त्याचा अर्ज तहसीलदारांकडे वेगळा करा.

शेवटचं काम दगडांचं. आम्ही दर 110 फुटांवर एक, असे सात दगड रोवले. काळ्या रानात नुसता दगड गाडला तर तो हलतो. अडीच फूट खड्डा घ्या, तळाशी मुरूम ठासा. त्यावर आम्ही कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे टाकले. कोळसा कुजत नाही, उद्या दगड हलला तरी खालची खूण राहते. प्रत्येक दगडाजवळ दोन्ही घरचं एक एक माणूस उभं करून फोटो काढले. हद्दीची खूण मुद्दाम उपटणं हा जमीन महसूल संहितेप्रमाणे गुन्हा आहे, हे तिथंच सगळ्या पोरांच्या कानावर घातलं. मे महिन्यात मी अकरा पाइप काढून आत घेतले. बांधावर मारवेल लावलं. माती धरून राहते आणि दोन्ही गोठ्यांना गवत होतं.

आता नांगरटीच्या आधी तात्यांचा मुलगा आणि मी बांधावरून चालत जातो. ट्रॅक्टरवाला कुणाचाही असो, त्याला आधी दगड दाखवायचे आणि मग नांगर टाकायचा. यंदा पाचवा दगड सापडेना. मारवेल कमरेएवढं वाढलं होतं. तो खुरपं घेऊन आत बसला, मी इकडून पावलं मोजत आले. थोड्या वेळानं खुरपं दगडावर वाजल्याचा आवाज आला आणि गवतातून तो म्हणाला, "वहिनी, हाय जागेवर."